मुंबईतल्या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या, म्हणजे हॅरिस शील्डच्या नावातले लॉर्ड हॅरिस कोण? त्यांना 'भारतीय क्रिकेटचे जनक' म्हणणं बरोबर आहे का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: माझ्या मते नाही. का, ते सांगायला माणूस थोडा उलगडावा लागेल.

जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस, चौथे बॅरन हॅरिस. जन्म १८५१ चा, त्रिनिदादमधला, कारण वडील तेव्हा तिथले गव्हर्नर होते. पुढे ते मद्रासचेही झाले. पणजोबा म्हणजे १७९९ मध्ये टिपूचं श्रीरंगपट्टण घेणारे जनरल हॅरिस. घराण्याला 'लॉर्ड' ही पदवी मिळाली ती त्यांच्यामुळेच. ईटन, ऑक्सफर्ड आणि मग केंट या इंग्लिश काउंटी संघाचं कर्णधारपद, असा खानदानी पोराचा ठरलेला रस्ता. मात्र खेळाडू म्हणून त्यांना कमी लेखू नका. चार कसोटी खेळले, चारही कर्णधार म्हणून. इंग्लंडच्या भूमीवरची पहिली कसोटी १८८० मध्ये ओव्हलवर झाली, तिथेही कर्णधार हेच, आणि ५२ धावाही काढल्या.

स्वभाव समजून घ्यायचा तर ८ फेब्रुवारी १८७९ चं सिडनी बघा. हॅरिस यांचा संघ न्यू साऊथ वेल्सशी खेळत होता. इंग्रजांनी मेलबर्नहून सोबत आणलेल्या कुल्टहार्ड नावाच्या अंपायरने न्यू साऊथ वेल्सच्या भरवशाच्या मर्डॉकला धावचीत दिलं आणि प्रेक्षक थेट मैदानात घुसले. या सामन्यावर पैजा लागलेल्या होत्या, त्यामुळे डोकी जास्तच तापलेली. अंपायरला वाचवायला हॅरिस मध्ये पडले, तर एकाने त्यांच्याच अंगावर काठी चालवली. हॉर्न्बी या सहकाऱ्याने त्या माणसाला धरून पॅव्हेलियनकडे ओढत नेलं, त्यात स्वतःचा शर्ट फाडून घेतला. विरोधी कर्णधार अंपायर बदला म्हणत होता. हॅरिस नाही म्हणाले. मैदान सोडलं तर सामना सोडल्यासारखं होईल म्हणून गर्दीतही तिथेच उभे राहिले. (दुसरा अंपायर एडमंड बार्टन. तो पुढे ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला.) नियम म्हणजे नियम, हा त्यांचा बाणा, आणि नियम लावणारे आपण, हे गृहीतच.

राजकारणात यायला त्यांना मतं मागावी लागली नाहीत. वडील गेल्यावर एकविसाव्या वर्षी ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाचं आसन आपसूक मिळालं. पुढे भारत खातं आणि युद्ध खातं यांत उपमंत्री आणि १८९० मध्ये थेट मुंबई इलाख्याचे गव्हर्नर.

इथे खरी गंमत आहे. मुंबईत एस्प्लनेडच्या मैदानावर देशी पोरं क्रिकेट खेळत आणि त्याच मैदानावर युरोपियन साहेब पोलो खेळायला घोडे आणत. टापांनी खेळपट्टीची पार वाट लागे. पारशी मंडळी १८८१ पासून अर्जावर अर्ज करत होती. क्रिकेटवेडा लाटसाहेब आला म्हटल्यावर आशा वाटली असेल, पण त्यांनीही साहेबांच्या पोलोला धक्का लावला नाही. नंतर मुस्लिम आणि हिंदू मंडळींनी जिमखान्यांसाठी जागा मागितली, तेव्हा ती दिली, पण कशी? 'नाही म्हणायचं तरी कसं' असा सूर, आणि शेरा असा की एका जमातीला एक जिमखाना झाला की पुन्हा जागा मिळणार नाही. ज्याला खेळायचंय त्याने आपापल्या जमातीच्या जिमखान्यात जावं. मरीन ड्राइव्हला ओळीने उभे असलेले पारसी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने आजही त्या विचाराची साक्ष देतात. जातवार क्रिकेट हॅरिस यांनी जन्माला घातलं असं मी म्हणणार नाही, पण त्याला सरकारी कुंपण घालून दिलं ते त्यांच्याच कारकिर्दीत.

गव्हर्नर म्हणून तर बोलायलाच नको. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगा पेटला तेव्हा साहेब पुण्याला गणेशखिंडीच्या बंगल्यात होते, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत. मुंबईत आले ते नवव्या दिवशी, आणि तेही क्रिकेट सामन्यासाठी, असा ठपका त्यांच्यावर कायमचा बसला.

१८९५ मध्ये परत गेल्यावर मात्र त्यांनी लॉर्ड्सवर, म्हणजे इंग्लिश क्रिकेटच्या मुख्य मैदानावर, पुढची तीनेक दशकं सत्ता गाजवली. १८९६ मध्ये रणजितसिंहजी या भारतीय फलंदाजाला इंग्लंडकडून खेळवायला त्यांचा विरोध होता. दुसऱ्या कसोटीत मँचेस्टरला रणजी खेळले आणि नाबाद १५४ काढून मोकळे झाले. पण त्यांचा काच फक्त काळ्या माणसाला होता असंही नाही. डोव्हरला, म्हणजे केंटमध्ये जन्मलेला वॉली हॅमंड हा गोरा खेळाडू ग्लूस्टरशायर या दुसऱ्या काउंटीकडून खेळायला लागला, तर रहिवासाच्या नियमावर बोट ठेवून त्यालाही बसवून ठेवलं.

मग शील्डला त्यांचं नाव का? गव्हर्नरचं नाव देण्याची तेव्हाची रीतच होती. सचिन-कांबळीच्या १९८८ च्या ६६४ धावांच्या भागीदारीने ते नाव घरोघरी पोचलं, आणि 'जनक' वगैरे त्यातूनच चिकटलं असावं.

ज्यांनी पाया घातला त्यांची नावं शोधायची तर हॅरिस गणेशखिंडीत राहत होते त्याच काळातलं पूना जिमखान्याचं मैदान बघा. तिथे पळवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला पोरगा खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करायचा, पगार महिना चार रुपये. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा साठीचे हॅरिस केंटकडून त्या संघाविरुद्ध खेळायला उतरले होते. त्या दौऱ्यात सगळ्यात जास्त, शंभराच्या वर बळी घेतले ते बाळूने.