बॅग पॅरिसची, हिशेब मुंबई विमानतळापर्यंतचा

प्रश्न : जूनमध्ये पॅरिसला जाणार आहोत. तिथे २,००० युरोची एक लेदर हँडबॅग घ्यायची आहे. तीच बॅग मुंबईच्या शोरूममध्ये २,४०,००० रुपयांना आहे. युरो शंभर रुपयांचा धरला तर चाळीस हजार सरळ वाचतात, वर २० टक्के व्हॅट परत मिळतो. हा हिशेब बरोबर आहे ना? (ठाणे)

उत्तर : नाही, आणि फरक मोठा आहे. फ्रान्समध्ये दुकानात लावलेली किंमत व्हॅटसकटच असते. म्हणजे २,००० युरोमध्ये बॅगेचे १,६६७ आणि व्हॅटचे ३३३. हे ३३३ सुद्धा पूर्ण मिळत नाहीत. परतावा देणारी कंपनी आपला हिस्सा कापून घेते आणि हातात साधारण बिलाच्या १२ टक्के पडतात, म्हणजे २४० युरो. बॅग पडली १,७६,००० रुपयांना.

आता कार्ड. परकीय चलनात खर्च केला की अनेक क्रेडिट कार्डांवर ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप (बँकेचा जादा आकार) लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. दोन लाखांवर हे ८,२६० रुपये होतात. दुकानातलं मशीन 'रुपयांत पैसे भरायचे का?' असं विचारेल, तिथे नेहमी युरोच निवडा. रुपये निवडले तर दर मशीनवाला ठरवतो आणि तो आपल्या तोट्याचा असतो.

सगळ्यात मोठा आकडा मात्र मुंबईत उतरल्यावर येतो. फेब्रुवारी २०२६ पासून भारतात राहणाऱ्या प्रवाशाला विमानाने येताना ७५,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणता येतात (आधी ही मर्यादा ५०,००० होती). त्यावरच्या रकमेवर ३८.५ टक्के कस्टम ड्यूटी : ३५ टक्के मूळ आणि त्यावर दहा टक्के अधिभार. कस्टमवाले बिलावरची किंमत धरतात, व्हॅट परत मिळाला म्हणून ती कमी होईल असं गृहीत धरू नका. दोन लाखांतून ७५,००० वजा, उरलेल्या १,२५,००० वर ४८,१२५ रुपये. एकूण बेरीज २,३२,३८५. वाचले साडेसात हजार, तेही त्या प्रवासात दुसरं काहीच घेतलं नाही तर. परफ्यूम, चॉकलेटं, घड्याळ, सगळं त्याच ७५,००० मध्ये मोजलं जातं.

खरा फायदा मर्यादेच्या आत बसणाऱ्या बॅगेत आहे. ७०० युरोची बॅग घेतली तर ८४ युरो परत, कार्डाचे २,८९१ रुपये, ड्यूटी शून्य. घरात येते ६४,४९१ ला. आमचं मत विचाराल तर याच टप्प्यात खरेदी करावी.

प्रश्न : व्हॅट परत मिळवण्यासाठी नेमकं काय करायचं? गेल्या वेळी फॉर्म घेऊनही पैसे आले नाहीत. (कोल्हापूर)

उत्तर : फ्रान्समध्ये किमान खरेदी १०० युरोच्या वर हवी. दुकानात मूळ पासपोर्ट दाखवा आणि डिटॅक्सचा (व्हॅट परताव्याचा) फॉर्म मागून घ्या, नंतर तो मिळत नाही. विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी 'पाब्लो' नावाच्या मशीनवर फॉर्मचा बारकोड स्कॅन करा. हिरवा स्क्रीन आला म्हणजे झालं. लाल आला तर शेजारच्या कस्टम खिडकीवर जायचं. तिथे बॅग बघायला मागू शकतात, म्हणून ती न वापरलेली आणि हाताशी हवी. खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिने संपायच्या आत हे व्हायला हवं.

पैसे न येण्याची मुख्य कारणं दोन. एक, फॉर्म स्कॅनच झालेला नसतो. शहरातल्या परतावा काउंटरवर आगाऊ रोख घेऊन स्कॅन विसरलात तर ती रक्कम दंडासकट कार्डावरून वसूल होते. दुसरं, फॉर्म चुकीच्या विमानतळावर दाखवलेला असतो. बॅग हातातल्या सामानात असेल आणि पॅरिसहून फ्रँकफर्टला विमान बदलणार असाल, तर शिक्का फ्रँकफर्टला, कारण युरोपीय संघातून तुम्ही तिथून बाहेर पडता. इटलीत घेतलेल्या वस्तूचा फॉर्म पाब्लोवर चालत नाही, त्यासाठी कस्टम खिडकीच गाठावी लागते.

प्रश्न : मुलगी लंडनला शिकते. तिला भेटायला जाऊ तेव्हा तिथून घ्यावी का? (नाशिक)

उत्तर : घेऊ नये. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून पर्यटकांना व्हॅट परत देणं बंद केलं. २० टक्के व्हॅट आपल्या खिशातूनच जातो. दुकानाने माल थेट भारतात पाठवला तर व्हॅट वगळता येतो, पण मग इथे आयात शुल्क भरावं लागतं.

प्रश्न : भाची न्यू जर्सीत असते. ती दिवाळीत येताना आणेल म्हणते. (पुणे)

उत्तर : अमेरिकेत लेबलवरची किंमत कराशिवाय असते, बिल करताना कर चढतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के. तिथे कपड्यांना सूट आहे, पण हँडबॅगेला नाही. मॅनहॅटनमध्ये ८.८७५ टक्के. शेजारच्या डेलावेअर राज्यात विक्रीकर नाहीच, म्हणून लोक तिकडे जातात. भाची न्यू जर्सीची रहिवासी असल्याने डेलावेअरहून आणून घरी वापरलेल्या बॅगेवर न्यू जर्सीचा 'यूज टॅक्स' तिला लागू होतो, हे तिला सांगा. भारतात उतरताना मर्यादा तिची स्वतःची मोजली जाईल.

प्रश्न : नवरा-बायको दोघांचे मिळून दीड लाख धरता येतात का? आणि टॅग काढून खांद्याला लावली तर? (पणजी)

उत्तर : एकाच बॅगेसाठी दोघांच्या सवलती जोडता येत नाहीत. प्रत्येकाची स्वतंत्र वस्तू असेल तर प्रत्येकाला आपापली सवलत. टॅग काढण्याच्या फंदात पडू नका. ग्रीन चॅनेलमध्ये (ड्यूटी भरण्यासारखं काही नाही, अशांच्या वाटेवर) अडवलं तर वस्तू जप्त होऊ शकते आणि सोडवायला ड्यूटीवर दंडही भरावा लागतो. रेड चॅनेलला (ड्यूटी भरायची असणाऱ्यांच्या वाटेला) जा, बिल दाखवा, कार्डाने ड्यूटी भरा, पावती जपून ठेवा.

प्रश्न : मुंबईतच घेतलेली महागडी बॅग परदेशी नेली तर परतताना ड्यूटी मागतील का? (सोलापूर)

उत्तर : पुरावा नसेल तर वाद होऊ शकतो. निघतानाच विमानतळावरच्या कस्टम काउंटरवर बॅग आणि भारतातलं बिल दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट (बॅग इथूनच नेल्याचा दाखला) करून घ्या. त्यासाठी तासभर आधी पोहोचा, आणि बॅग चेक-इनमध्ये टाकण्यापूर्वी हे काम उरका.