सहलीत मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली

लांबच्या सुट्टीवरून परतलेले आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला हमखास एक प्रश्न घेऊन येतात. मूल एरवी शहाण्यासारखं वागतं, मग फिरायला नेलं की बिथरतं का? आपण हौसेपायी त्याचे हाल तर करत नाही ना? याच काळजीने बोलायला आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मूळचं नाशिकचं जोडपं, राहणार न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला. साडेचार वर्षांची मुलगी, तिला इथे चिऊ म्हणू, आणि दीड वर्षाचा भाऊ. डिसेंबरात त्यांनी क्राइस्टचर्चहून कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली. टेकापो, वानाका, क्वीन्सटाउन आणि शेवटी मिलफर्ड साउंड, जवळपास रोज नवा मुक्काम. वर्षभर रात्री कोरडी राहणारी चिऊ तिसऱ्या रात्रीपासून अंथरूण ओलं करू लागली. जेवेना, भावाला ओरबाडू लागली. मिलफर्ड रद्द करून मंडळी परतली. घरी आल्यावरही दोन-तीन वेळा अंथरूण ओलं झालं.

व्हिडिओ कॉलवर आई रडवेली झाली होती. “ताई, तिच्या मनावर कायमचा परिणाम झाला असेल का?” बाबांचं मत वेगळं होतं, “लाड जास्त झालेत, दुसरं काही नाही.” आणि नाशिकहून आजी रोज फोनवर ऐकवत होत्या, “एवढ्याशा लेकरांना रानोमाळ कशाला हिंडवायचं?”

मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर सगळं मनाच्या खाती टाकू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, क्वचित मधुमेहही कारण असू शकतो. लघवीला जळजळ, सारखी तहान, वजन उतरणं यांपैकी काही दिसलं तर तपासणीला एक दिवसही उशीर नको. चिऊच्या तपासण्या ठीक आल्या, फक्त पोट साफ होत नव्हतं.

मग मी त्यांना सहलीतला एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत क्रमाने सांगायला लावला. ‘ती चिडते’ एवढ्यावर मला काही कळत नाही. किती वाजता, कुठे, कोण काय करत असताना चिडते, हे कळलं की वाट सापडते.

चिऊचा बेड म्हणजे जेवणाचं टेबल. रात्री टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या जोडायच्या आणि चादर घालायची. सकाळी चादर गुंडाळून वरच्या कप्प्यात कोंबायची, टेबल उभं करायचं, चहा ठेवायचा. दहाच्या आत जागा सोडायची म्हणून बाबांची घाई. चिऊने उशाशी ससा निजवलेला, टेकापोच्या काठावरचे खडे ओळीने मांडलेले. ते सगळं पिशवीत जायचं. सांगता सांगता आईच थबकली. “रोजचं रडणं तिथूनच सुरू व्हायचं हो.”

मोठ्यांना वाटतं, गाडी तीच आहे, म्हणजे घर सोबतच आहे. चिऊचं घर मात्र रोज रात्री मांडलं जात होतं आणि रोज सकाळी मोडलं जात होतं. साडेचार वर्षांच्या मुलीला ‘संध्याकाळी पुन्हा लावू’ या शब्दांचा आधार पुरत नाही.

त्यात संडासाची भानगड. गाडीतल्या संडासाची टाकी आपल्यालाच रिकामी करावी लागते, म्हणून आईबाबांनी तिला तो वापरू नको म्हणून सांगितलेलं. अशा गाड्या मुक्कामाला लावतात त्या पार्कातलं स्वच्छतागृह लांब, बाहेर गार वारा. पोरगी धरून ठेवायची, शौचालाही जायची नाही. साचलेल्या मळाचा दाब मूत्राशयावर येतो आणि झोपेत लघवी सुटते. शिवाय तिकडे डिसेंबरात उन्हाळा, रात्री नवानंतरही उजेड असतो, त्यामुळे झोपायला दहा वाजायचे. दिवसा मागे खेळत जाऊ, हा बेतही फसलेला, कारण तिथे सात वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत चाइल्ड सीटमध्येच बांधून बसवावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे ती हट्टीपणा करत नव्हती.” मला या संभाषणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच वाटतं. अंथरूण ओलं केल्याबद्दल तोवर ती दोनदा ओरडा खाऊन बसली होती. त्याबद्दल बाबांनी तिच्याशी बोलावं, असं मी सुचवलं, आणि ते बोलले.

एप्रिलच्या सुट्टीत त्यांना पुन्हा जायचं होतं. आईला धीर होईना. मी म्हटलं, जा, पण चिऊचा बेड मोडायचा नाही. या वेळी रोटोरुआ, ऑकलंडपासून साधारण तीन तासांवर, तेही भावाच्या दुपारच्या झोपेच्या वेळी गाठायचं. एकाच पार्कात सगळे मुक्काम. पोचताच बेड मांडायचा, तो निघेपर्यंत तसाच. जेवण बाहेर घडीच्या टेबलावर. वरच्या बर्थवर आईबाबा, कारण सहा वर्षांखालच्या मुलाला तिथे झोपवू नये. गाडीतला संडास चिऊसाठी खुला, टाकी बाबा रिकामी करणार. खिडक्यांना जाड पडदे, आठ वाजता अंधार. आजींनी शिवलेली गोधडी घरून न्यायची, न धुता, तिच्या ओळखीच्या वासासकट. आजींना हे कळलं तेव्हा त्यांचा विरोध बराच निवळला.

एका रात्री अंथरूण ओलं झालंच. आईने चादर बदलली आणि झोपली. निघायच्या सकाळी बेड मोडताना चिऊ रडली, पण या वेळी खडे तिने स्वतःच डब्यात भरले. भावाशी भांडणं मात्र होती तशीच आहेत. त्यावर आमचं बोलणं वेगळं चालू आहे.

राहिलेलं मिलफर्ड येत्या डिसेंबरात करायचं ठरतंय. बाबांना गाडी थेट तिथवर न्यायची होती. आता गाडी वाटेवरच्या ‘ते अनाऊ’ या गावी उभी राहील आणि मिलफर्डला सगळे बसने जाऊन संध्याकाळपर्यंत परततील.