एमएस्सी फिजिक्सला स्पेशलायझेशन कोणतं घ्यावं: इलेक्ट्रॉनिक्स, सॉलिड स्टेट की न्यूक्लियर?

सॉलिड स्टेट, म्हणजे घन पदार्थांचं भौतिकशास्त्र. 'घरचे म्हणतात इलेक्ट्रॉनिक्स घे, नोकरी लगेच' हे तुमचं वाक्य वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्याकडे गणपतीला परळहून मामा आले होते. मी रत्नागिरीला एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला. पडवीत सगळ्यांसमोर म्हणाले, "झिला, इलेक्ट्रॉनिक्स घे. नायतर मास्तर होवचा आसा काय तुका?"

त्याच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. बाहेर मुसळधार, लॅबच्या भिंतींना ओल. माझ्या वाट्याला फोर प्रोबचा प्रयोग: जर्मेनियमचा बँड गॅप, म्हणजे त्यातला बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, काढायचा. जर्मेनियमचा नखाएवढा तुकडा, त्यावर चार टोकं टेकलेली. बाहेरच्या दोनांतून करंट सोडायचा, आतल्या दोनांवर व्होल्टेज मोजायचं. खाऱ्या हवेने कनेक्शनच्या पितळेवर हिरवट गंज धरलेला, तो आधी खोडरबराने घासला. ओव्हन १५० अंशांवर नेला आणि लाईट गेली. वीसेक मिनिटांनी आली तोवर पारा ११० वर उतरलेला. मी पुन्हा हीटर लावायला गेलो तर सर म्हणाले, "राहू दे, उतरतानाच घे. तापताना ओव्हन पुढे धावतो, तुकडा मागे राहतो." आलेख सुतासारखा सरळ आला, पण उत्तर ०.३५. जर्मेनियमचा बँड गॅप खोलीच्या तापमानाला ०.६७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. सरांनी वही न उघडताच विचारलं, "दोन कुठे गेला?" सूत्राच्या घातांकात २केटी असतो (के म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक, टी म्हणजे तापमान), मी नुसता केटी धरला होता. दुप्पट केलं, ०.७०! त्या दिवशी एसटी चुकली त्याचंही काही वाटलं नाही.

मामांना हे सांगून काय कळणार होतं?

इलेक्ट्रॉनिक्स घेऊन तुम्ही १९७६ सालचा ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकणार आणि नोकरीच्या रांगेत इंजिनिअरिंगच्या पोरांमागे उभे राहणार. प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षांना स्पेशलायझेशन कोणी विचारत नाही, पेपर सगळ्यांना एकच. न्यूक्लियर वाईट नाही, पण नुसता किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरचा टकटकाट ऐकून ते आवडल्यासारखं वाटतं, त्यावर जाऊ नका.

हां, मायक्रोकंट्रोलर घेऊन रात्र रात्र बसत असाल तर माझं ऐकू नका. आणि तुमच्या विभागात सॉलिड स्टेट शिकवायला धड माणूस नसेल, पण न्यूक्लियरचे सर जीव ओतून शिकवत असतील, तर निमूट न्यूक्लियर घ्या. फॉर्म भरण्याआधी लॅबमध्ये जाऊन कोणती उपकरणं चालू आहेत आणि कोणती कपाटात कुलपाआड आहेत, तेवढं बघा.

मी मास्तरच झालो. मामेभाऊ इलेक्ट्रॉनिक्स करून सध्या विमा विकतो. मामा आता हा विषय काढत नाहीत. दर गणपतीला मीच काढतो.