मेडिसिनमधून पेन (वेदना-उपचार) फेलोशिपला जाताना

एमडी मेडिसिन आहेस म्हणून बिचकू नकोस. काही ठिकाणी फक्त भूलतज्ज्ञच घेतात, तेव्हा पात्रतेची अट आधी वाच. अर्जात ‘वेदनेच्या विषयाची ओढ’ नको बाप्पा, सगळेच लिहितात. गडचिरोलीत सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट बघतोस ना? तेच लिही: क्रायसिसमध्ये, म्हणजे या आजारात अचानक उठणाऱ्या असह्य दुखण्यात, कळवळत आलेल्या पोराला काय दिलं, मॉर्फिनची सोय कशी केली. अंमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याची, मॉर्फिनची वाट सोपी करणारी २०१४ ची दुरुस्तीही वाचून जा. तुझा हात मात्र कच्चा पडणार. सुया, सी-आर्म (सुई टाकताना बघायचं एक्स-रे मशीन), अल्ट्रासाउंडमध्ये भूलवाले पुढेच असतात. सुट्टी काढून नागपूरला एखाद्या पेन ओपीडीत उभा राहा. शिफारसपत्र मोठ्या नावाचं नको, तुझं काम पाहिलेल्या माणसाचं घे. आणि परतल्यावर तालुक्यात अल्ट्रासाउंड मशीन घेशील, तर पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी लागते, बरं का.