आजीला आठपैकी पाच

ताई,
मी 22 वर्षांची. मुंबईत वसतिगृहात राहून वार्धक्यशास्त्रात एम.ए. करते आहे, पहिलं वर्ष. घर मिरजेला. दिवाळीच्या सुट्टीसाठी सरांनी काम दिलं होतं : ओळखीच्या एका ज्येष्ठ व्यक्तीची रोजची कामं दोन मापनश्रेणींवर तपासून अहवाल लिहा. मी आजीला निवडलं. ती 81 ची. अंघोळ, कपडे, जेवण वगैरेंच्या यादीत सहापैकी सहा. दुसऱ्या यादीत मात्र आठपैकी पाच. स्वयंपाक, औषधं आणि पैशांचे व्यवहार यांत शून्य. रात्री जेवताना मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी तिचं पेन्शनचं पासबुक स्वतःकडे घेतलं. आईने ‘तुम्ही आता गॅसजवळ येऊ नका’ म्हणून सांगितलं. दूधवाला, भाजीवाली, भिशी हे सगळं आजीच बघायची, तेही आता बाबा बघतात. आजी माझ्याशी बोलत नाही. म्हणाली, ‘शिकायला गेलीस ते माझी झडती घ्यायला?’ आत्या म्हणते, असलं शिकून वृद्धाश्रमातच नोकरी करशील, त्यापेक्षा बी.एड. कर. मला आता खरंच हे सोडावंसं वाटतंय.
– नात

अगं नाते,

आधी तुझा पेपर तपासू. पैशांच्या व्यवहारात तू आजीला शून्य दिलास, तो चुकलाय. तू वापरलेली आठ कामांची यादी लॉटन आणि ब्रॉडी यांची, 1969 सालची. रोजची खरेदी स्वतः करणाऱ्या, पण बँकेच्या कामात मदत लागणाऱ्या माणसाला तिच्यात पूर्ण एक गुण आहे. तुझी आजी दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब करते, भाजीवालीशी घासाघीस करते, भिशी सांभाळते. बँकेची स्लिप भरायला कुणीतरी लागत असेल, एवढंच. म्हणजे पासबुक गेलं ते तुझ्या चुकीच्या गुणामुळे. हे बाबांना सांगायला तुला आयताच मुद्दा मिळाला.

स्वयंपाकाचा शून्य नियमाप्रमाणे बरोबर असेल. पूर्ण जेवणाचा बेत आखून, रांधून, वाढलं तरच एक गुण. पण तुमच्या घरात ओटा तुझ्या आईकडे आहे. सून आल्यावर सासूने स्वयंपाकघर सोडलं, ते हात चालेनात म्हणून की घराची रीत म्हणून? श्रेणीला हे कळत नाही, तुला कळायला हवं होतं. गंमत म्हणजे हीच यादी पूर्वी पुरुषांसाठी वापरताना स्वयंपाक, घरकाम आणि धुणं गाळून पाचच कामांवर गुण देत. जन्मात चहाचं आधण न ठेवलेले आजोबा पाचपैकी पाच घेऊन सक्षम ठरायचे! असल्या गोष्टी वर्गात हात वर करून विचार. अभ्यास त्यासाठीच असतो.

उरली औषधं. हा शून्य मात्र गंभीरपणे घे. पण ‘आजी विसरते’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं तिला दिसतात का? मोतीबिंदू कधी तपासला होता? डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकू येतं का, की नुसती मान डोलावते? ऐकू कमी येणारी माणसं सरसकट ‘विसराळू’ ठरतात. आणि विसरणं खरंच असेल, तर बी-12 ची कमतरता आणि थायरॉइड या दोन्ही गोष्टी रक्ततपासणीत कळतात आणि त्यांवर उपचार आहेत. म्हाताऱ्या माणसाचं काहीही बिनसलं की ‘वय झालं’ म्हणायचं, या सवयीचा मला फार राग आहे. डॉक्टरसुद्धा म्हणतात.

आता झडतीचं. आजीचं चुकलं असं मला वाटत नाही. तू तिला विचारलंस का, ‘आजी, माझ्या अभ्यासासाठी तुझ्याबद्दल काही प्रश्न विचारू का, आणि ते कुणाला सांगितलेले चालतील?’ पत्रात तसं काही नाही, म्हणजे विचारलं नसणार. तुझ्याच मुंबईत, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातल्या वार्धक्याची मोठी पाहणी चालवली आहे. पहिल्या फेरीत, 2017–18 मध्ये, 45 वर्षांवरच्या सुमारे 72,000 माणसांशी बोलणं झालं. तिथेही दारात आधी संमती घ्यावी लागते आणि समोरचा नाही म्हणू शकतो. अनोळखी माणसाला जो हक्क, तो आजीला नाही? नात आहे म्हणून तिने तुला दार उघडलं, आणि तू निकाल वाचलास तो लेकासुनेच्या पुढ्यात.

यातलं जास्त नुकसान पुढे झालं. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्ध निवासात केलेला एक प्रयोग 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, हे रोप घ्या आणि तुम्हीच सांभाळा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा तेही तुम्हीच सांगा. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी घालायचं परिचारिकांनी. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही आणि सावध दिसू लागली. प्रयोग लहान होता, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण तुमच्या घरात आजी एका दिवसात दुसऱ्या मजल्यावर गेली, हे तर दिसतंय. त्या याद्या माणसाला मदत कुठे लागते ते कळावं म्हणून केल्या. तुमच्याकडे त्या जप्तीच्या नोटिशीसारख्या वापरल्या गेल्या.

आत्याबाईंचं थोडक्यात. ‘वार्धक्यतज्ज्ञ पाहिजे’ अशा जाहिराती मराठी पेपरात क्वचितच दिसतात, हे खरं आहे. म्हणून जोडीला समाजकार्य, समुपदेशन किंवा संख्याशास्त्र यांपैकी एक तरी हत्यार पक्कं कर. रुग्णालयं, घरपोच शुश्रूषा देणाऱ्या कंपन्या, पाहण्या, 14567 सारखी ज्येष्ठांची हेल्पलाइन, अशी कामाची ठिकाणं आहेत. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात प्रांत अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या तंट्यांसाठी सुलह अधिकाऱ्याची, म्हणजे समेट घडवणाऱ्याचीही तरतूद आहे. आणि वृद्धाश्रमातली नोकरी म्हणजे काय कमीपणा? तिथे शिकलेली माणसं नाहीत, हीच तर रड आहे. बी.एड. करायचं तर शिकवायची हौस असेल तर कर, आजी बोलत नाही म्हणून नको.

अहवाल सरांकडे गेला असेल, तर गुण कसे चुकले आणि संमती कशी राहिली, हे त्याच अहवालाच्या शेवटी लिहून परत दे. आजीची ओळख पटेल असं सगळं त्यातून काढ. सर जाणते असतील, तर त्यांना पहिल्यापेक्षा हा अहवाल आवडेल.

आणि आजीकडे माफी मागायला रिकाम्या हाताने जाऊ नकोस, ती पहिल्यांदा पासबुकच विचारेल. आधी बाबांशी बोल, एकटीच, जेवणाच्या टेबलावर नाही. गुण चुकल्याचं सांग. फसवणुकीची भीती असेल तर व्यवहाराचा संदेश त्यांच्याही मोबाइलवर येईल अशी सोय आजीला विचारून करता येते. त्यासाठी पासबुक कपाटात कोंडायची गरज नाही. मिरजेची म्हणजे आजोबा रेल्वेत होते का गं? तसं असेल आणि आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल, तर 80 पूर्ण झाल्यावर त्यात 20 टक्के वाढ लागते. ती जमा होते आहे का, हे कुणी पाहिलंय? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतोच. पासबुक आजीच्या हातात दे आणि विचार, ‘बँकेत जायचंय, मी सोबत येऊ का?’ ‘नको’ म्हणाली तर रिक्षा बोलावून दे आणि घरी थांब.

– ताई