पेव, बळद, माळवद: काय राखायचं ते कसं ठरवायचं?

प्रश्न : गावातला आमचा वाडा सात खणांचा (खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा), माळवदाचा म्हणजे मातीच्या सपाट छपराचा आहे. आत दोन बळदं (भिंतीलगतची धान्याची बंद कोठारं), अंगणात बुजत आलेलं पेव (धान्य साठवायचं जमिनीखालचं तळघर) आणि मागे दगडी गव्हाणीचा गोठा. भावकीत निम्म्यांना वाडा पाडून स्लॅबचं घर हवंय, निम्म्यांना तो 'पुरातत्त्व'कडे देऊन स्मारक करायचाय. वास्तू त्या योग्यतेची आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : वास्तू जपण्याजोगी असणं वेगळं आणि ती स्मारक म्हणून जाहीर होणं वेगळं. केंद्राच्या 1958च्या कायद्याला वास्तू किमान 100 वर्षं जुनी लागते, शिवाय तिचं महत्त्व राष्ट्रीय पातळीचं असावं लागतं. शेतकऱ्याचा वाडा तिथवर सहसा पोचत नाही. राज्याचा 1960चा वेगळा कायदा आहे. त्यासाठी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे अर्ज करायचा. मुंबईत 1995पासून वारसा वास्तूंच्या श्रेणी आहेत, पण त्या यादीचा गावठाणातल्या वाड्याला उपयोग नाही.

केंद्राचं संरक्षण मिळालंच, तर 2010च्या दुरुस्तीनुसार वास्तूपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी काढून. गावठाणात 100 मीटर म्हणजे शेजारच्या दोन-तीन गल्ल्या. त्यांना न विचारता अर्ज केलात तर भांडण भावकीपुरतं राहणार नाही.

आता योग्यतेचं. वय हा सर्वांत सोपा निकष, आणि आमच्या मते सर्वांत कच्चा. वाड्यात उभं राहून एवढंच पाहा : इथे शेतीचं काम कसं चालायचं ते अजून वाचता येतं का? खळ्यावरची ज्वारी कोणत्या दारानं आत आली, बळदात वरून कुठून ओतली, खालच्या तोंडातून कशी काढली, वर्षाची बेगमी पेवात कशी गेली, बैल कुठल्या वाटेनं दावणीला आले. ही साखळी सलग दिसत असेल तर बाभळीच्या ओबडधोबड खांबांचा वाडाही राखण्याजोगा आहे. साखळी तुटली असेल आणि उरली असेल फक्त नक्षीची चौकट, तर मोल चौकटीचं, वाड्याचं नाही. (चौकटीला गिऱ्हाईक लगेच मिळतं. बळदाला मिळत नाही, म्हणून ते आधी फुटतं.)

वय प्रत्येक भागाचं वेगळं काढा. गोठ्यावर मंगलोरी कौल असेल तर ते उलटून ठसा पाहा. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना 1865मध्ये निघाला, तेव्हा ते छप्पर त्याआधीचं असणं शक्य नाही. लोखंडी तुळईवर 'टिस्को'चा (टाटांच्या पोलाद कंपनीचा) ठसा असेल तर ती 1912नंतरची. जमशेदपूरचं पोलाद त्या वर्षी सुरू झालं. लाकडावर वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव आहेत की गोल करवतीच्या कमानदार रेषा, तेही बघा. कमानदार रेषा म्हणजे गिरणीत चिरलेलं लाकूड. एखाद्या तुळईला रिकामी खाच दिसली तर ते लाकूड बहुधा दुसऱ्या घरातून आलंय. त्यावरून वाड्याचं वय सांगू नका. कागदांत ग्रामपंचायतीचा नमुना 8, फेरफार आणि जुनं वाटणीपत्र काढा. वाटणीपत्रात पेवाचा किंवा बळदाचा हिस्सा लिहिलेला सापडला तर त्याच्याइतका पक्का पुरावा नाही.

निर्णय काहीही होवो, 1:50 प्रमाणात नकाशा आणि एक उभा छेद काढून घ्या. प्रत्येक खणाचे चार कोपऱ्यांतून फोटो, फोटोत मोजपट्टी, मागे तारीख. दोन माणसांचं दोन-तीन दिवसांचं काम आहे. पाडलं तरी एवढं हाती राहतं.

पेवात मात्र कुणालाही उतरवू नका. बंद पेवात प्राणवायू कमी आणि कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) जास्त असतो; तो जड असल्यानं तळाशी साचतो. आत गेलेला माणूस हाक मारण्याआधी कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. खोली वरून दोरीला वजन बांधून मोजा, फोटो काठीला कॅमेरा बांधून घ्या.

वाडा ठेवायचं ठरलं तर पैसा पहिल्यांदा माळवदावर लावा. जुनी माती न काढता दर उन्हाळ्यात वर नवी पांढरी माती टाकत गेलं की थर एक फुटाचा दीड फूट होतो. माती घनमीटरला साधारण 1.6 ते 1.8 टन भरते. म्हणजे 30 सेंमी थराचं वजन चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास, 45 सेंमीचं साडेसातशे. पावसात भिजल्यावर आणखी. तुळई मधे वाकते, पण मोडते ती भिंतीत घुसलेल्या टोकाशी, कारण ओल आणि वाळवी तिथे असते. त्या टोकाला पेचकस टोचून पाहा. इंचभर सहज आत गेला तर लाकूड संपलंय. आधी खालून टेकू द्या, मग माती दोन्ही बाजूंनी सारखी, थोडी थोडी उतरवा. एकाच बाजूची काढली तर भार कलतो आणि खांब जोत्यावरून सरकतो. किलचन (तुळयांवर मातीखाली घातलेल्या लाकडी पट्ट्या) तपासून सडलेली बदला, आणि 15 ते 20 सेंमी माती पन्हाळीकडे उतार देऊन पुन्हा दाबा. वर सिमेंटचा कोबा करण्याचा मोह आवरा. तो तडकतो, तड्यांतून पाणी जातं, आणि खालची माती वाळत नाही.

प्रश्न : मळ्यातल्या मोटेच्या विहिरीचं थारोळं (मोटेचं पाणी पडतं ती दगडी कुंडी) आणि धाव (मोट ओढताना बैल चालतात तो उतार) शाबूत आहे. दगडांच्या फटी सिमेंटनं भरून घ्याव्यात का? विहिरीत चौघांचा हिस्सा आहे.
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : फटी भरू नका. कोरड्या रचलेल्या बांधकामात पाझर त्या फटींतूनच येतो. त्या बंद केल्या की पावसाळ्यात पाणी भिंतीमागे तुंबतं आणि त्याच्या दाबानं दगड आत फुगतात. सुटलेला दगड काढून त्याच जागी चिपा (दगडाचे पातळ तुकडे) ठोकून बसवा. दगडांतली पिंपळाची मुळं ओढून काढू नका, दगड सोबत येतात. बुंधा कापून मुळं जागीच मरू द्या. कामाआधी सातबाऱ्यावरच्या चौघांची लेखी संमती घ्या.

प्रश्न : आम्ही घेतलेल्या जागेत उतारावर बांधलेलं जुनं बार्न (धान्य-गुरांचं मोठं लाकडी कोठार) आहे. ते अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत ('नॅशनल रजिस्टर') घालावं असं काहीजण सुचवतात. मग आपल्याच वास्तूला हात लावता येणार नाही का? आम्हाला त्याचं राहतं घर करायचंय.
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : 'नॅशनल रजिस्टर'मध्ये नाव गेल्यानं खासगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. स्वतःच्या पैशानं तो बदल करू शकतो, पाडूही शकतो. बंधन घालतो तो स्थानिक वारसा नियम. तुमच्या टाउनशिपचा आहे का, ते आधी वाचा. नोंद नको असेल आणि वास्तूचा मालक एकच असेल, तर त्यानं नोटरी केलेली हरकत दिली की ती होत नाही.

वास्तू साधारणपणे 50 वर्षांहून जुनी लागते आणि बरीचशी मूळ रूपात असावी लागते. तुमचं बहुधा बँक बार्न असावं : चढाच्या बाजूनं गाडी थेट वरच्या मजल्यावर, खाली गुरं, पुढे अंगणावर बाहेर काढलेला मजला. ही तीन अंगं आणि वरची मोकळी उंची गेली तर नोंदीत फारसा अर्थ राहत नाही. राहत्या घरासाठी नेमकी तीच उंची मजले घालून तोडावी लागते. 20 टक्के करसवलतही उत्पन्न देणाऱ्या वास्तूलाच मिळते, स्वतः राहायच्या घराला नाही. त्यामुळे घर करायचंच असेल तर नोंदीच्या मागे लागू नका. बार्न उचलून दुसरीकडे नेण्याचा विचार असेल तर तोही जपून. हलवलेली वास्तू सहसा पात्रता गमावते.

दोन गोष्टी लगेच तपासा. चढाच्या बाजूला माती साचून पायावरच्या आडव्या लाकडापर्यंत आली असेल तर ते कुजलेलं असणार. माती खाली उतरवून पाणी दुसरीकडे वळवा. आणि उंच यंत्रं आत घेण्यासाठी आडवी बांधतुळई कुणी कापलीय का ते पाहा. ती कापली की छपराचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो. ओळंबा सोडा; भिंतीचा माथा बाहेर कललेला दिसला तर आधी लाकडी सांगाड्याची माहिती असलेला इंजिनिअर, मग अर्ज.