मोठ्या लाटांत काईटसर्फिंगची उडी-स्पर्धा आहे, कोल्हापूरकराने उतरावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता कोल्हापुरात, काईटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीनं बोर्डवर उभं राहून पाण्यावर धावणं) शिकलात गोव्यात, सपाट पाण्यावर चार-पाच मीटरची उडी जमते. आता मे महिन्यात एक स्थानिक उडी-स्पर्धा आहे, लाटा मोठ्या असतील असं कळलंय आणि जीव खालीवर होतोय. मित्र म्हणतात, पंचगंगेच्या पुरात पोहणाऱ्यानं समुद्राला काय घाबरायचं?

मीही कोल्हापूरचाच आणि अशा स्पर्धेत उतरलोय. तुम्हीही जरूर उतरा. फक्त मित्रांचा तो मुद्दा डोक्यातून काढून टाका. शिवाजी पुलावरून पुरात उडी घेणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तिथं पाय जुळवून सरळ खोल पाण्यात शिरायचं असतं. इथं दोन्ही पाय बोर्डाच्या पट्ट्यांत अडकलेले असतात आणि बोर्ड पाण्यात शिरत नाही, पाण्यावर आपटतो. काईटनं वरून धरलं नाही तर पाच मीटरवरून खाली येईपर्यंत वेग ताशी 36 किलोमीटरच्या आसपास जातो. तो सगळा भार गुडघ्यांवर आणि घोट्यांवर येतो. तालमीत नव्या पोराला आधी पडायला शिकवतात, तसं तुम्ही उरलेल्या दिवसांत उतरण्यावर मेहनत घ्या. उंची त्या मानानं लवकर वाढते.

आता लाटेचं. सपाट पाण्यावर तुम्ही एज धरून, म्हणजे बोर्डाची कड पाण्यात रोवून, ताण साठवता, काईट अकराच्या काट्यावरून बाराकडे (बारा म्हणजे थेट डोक्यावर) पाठवता आणि बार, म्हणजे काईटचा हातातला दांडा, ओढता. लाटेवरही हेच करायचं, फक्त वेळ बदलते. लाट समोर आल्यावर काईट पाठवली तर उशीर झालेला असतो. लाटेच्या पायथ्याशी पोचण्याआधीच काईट वर निघालेली हवी, म्हणजे बोर्ड चढावर असताना दोऱ्यांचा ताण आणि लाटेचा धक्का एकाच क्षणी मिळतो. एज तोवर सोडायची नाही. माथ्याशी सोडली की जी उसळी मिळते, ती सपाट पाण्यावर कधीच मिळत नाही.

लाट निवडताना अजून न फुटलेली, हिरवट-काळी, चढ स्वच्छ दिसणारी घ्या. फुटून पांढरी झालेली लाट कितीही मोठी असो, सोडून द्या. फेसात हवा भरलेली असते, त्यात एज धरत नाही आणि ऐन उडीच्या वेळी बोर्ड पायाखालून सरकतो. लाटा बहुतेक वेळा टोळीनं येतात, मग थोडा वेळ पाणी निवतं. हीटच्या, म्हणजे स्पर्धेतल्या तुमच्या फेरीच्या, आधी वाळूवर बसून हे निरखा. मी तर काईटमध्ये हवा भरण्याआधीच तासभर नुसता बघत बसतो, आणि स्पर्धेत सगळ्यात जास्त उपयोग मला त्याचाच झालाय.

उतरताना नजर बोर्डवर नको, जिथं टेकायचंय तिथं हवी. दोन लाटांमधल्या सपाट खळग्यात उतरलात तर उंचीत लाटेचीही भर पडते आणि दणका जोरात बसतो. शक्य तेव्हा लाटेच्या पाठीवरचा उतार पकडा. टेकण्याच्या जरा आधी काईट पुढे खाली झुकवा, बोर्डाचं नाक वारा जिकडे वाहतो तिकडे वळवा, गुडघे मोकळे ठेवा. हे बरोबर जमलं तर आपटल्याचा आवाजच येत नाही, बोर्ड सर्रकन पुढे निघतो.

गुणांचे नियम जागेनुसार बदलतात. कुठं बोर्डवरच्या सेन्सरनं फक्त उंची मोजतात, कुठं जज्ज एकूण उडी बघतात. मात्र उतरून बोर्डवरच पुढे जात राहिलात तरच उडी धरतात, हे जवळपास सगळीकडे सारखंच. त्यामुळे पहिली उडी खात्रीची मारा, मोठीला मग हात घाला. प्रत्येक उडीत वारा तुम्हाला वाहून नेतो, म्हणून हीट सुरू व्हायच्या आधीच वरच्या अंगाला, वारा जिकडून येतो तिकडे, जाऊन थांबा. दोऱ्याच साधारण 22 ते 24 मीटरच्या असतात, तेव्हा तुमच्या खालच्या अंगाला, वारा जिकडे वाहतो तिकडे, शंभरेक मीटर तरी मोकळं पाणी हवं.

केपटाऊनच्या ‘किंग ऑफ द एअर’ या उंच उड्यांच्या स्पर्धेचे व्हिडिओ बघून बेत ठरवू नका. 2017 मध्ये काईटसर्फर निक जेकबसनची केपटाऊनमधली एक उडी 28.6 मीटर मोजली गेली, पण तिथला उन्हाळी आग्नेय वारा वेगळा आणि त्या लोकांची वर्षानुवर्षांची तयारी वेगळी.

कोल्हापुरात राहून सराव कसा, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तपोवन मैदानावर गर्दी नसताना दोन-तीन चौरस मीटरची छोटी ट्रेनर काईट उडवा, विजेच्या तारा आणि पोरं लांब बघून. डोळे मिटून काईट बाराच्या काट्यावर स्थिर ठेवता आली पाहिजे. रंकाळ्यावर खरी काईट काढू नका. भोवतालच्या इमारतींमुळे तिथला वारा तुटक येतो आणि उतरायला जागाही नाही. बाकी आजरा-आंबोलीमार्गे सकाळी निघालात तरी वेळेत पोचता, उत्तर गोव्यात वारा दुपारीच धरतो.

हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट (आपटल्यावर बरगड्या वाचवणारं जाकीट) हवंच. बोर्डाला लीश (बोर्ड अंगाशी बांधणारी दोरी) लावू नका, पडल्यावर बोर्ड उलटून डोक्यावर येतो. क्विक रिलीज (काईट झटक्यात सोडवणारी कळ) वाळूवर दोनदा ओढून बघा, त्यात रेती अडकते.

आणि आयोजकांना एक नक्की विचारा: वारा नसला तर तारीख पुढे जाणार का? 1 जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी लागते आणि दर्या खरंच खवळतो. स्पर्धा जूनमध्ये ढकलली तर नाव मागे घ्या. किनारा कुठला आणि तुमचं वजन किती ते कळवा, किती चौरस मीटरची काईट न्यायची ते सांगतो.